भेगांखालचा देश

कपाशीचं बोंड फुटलं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. कापूस मऊ, पण त्याच्यापर्यंत जायची वाट टोचरी. पहिल्या वेच्याला नखांच्या कडेची कातडी सोलून निघते, संध्याकाळी कणीक भिजवताना त्यात मीठ गेलं की जीव कळवळतो, आणि मग हळूहळू बोटं निबर होत जातात. यंदाही तसंच झालं. दसरा झाला, धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, कमरेला कापसाची ओटी बांधली आणि तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत उतरले. दुपारपर्यंत बोटं हुळहुळायला लागली. आणि बोटं हुळहुळली की माझ्या डोक्यात एक पोरगी चालायला लागते.

दर वेचणीला नवी पोरगी. यंदाचीला अजून नाव नाही. एवढंच कळलंय की तिच्या गावातली सगळी दारं कुणीतरी उचलून नेली आहेत आणि ती आपल्या घराचं दार शोधायला निघाली आहे. सापडल्यावर ती ते दार पाठीवर घेऊन घरी आणील, की ते उघडून पलीकडे निघून जाईल, हे माझं अजून ठरलेलं नाही. घाई नाही. तूर फुलायला अवकाश आहे, शेत भरून कापूस आहे.

मी गोष्टी रचते. एका बैठकीत संपणाऱ्या नव्हेत, एक पुरा हंगाम चालणाऱ्या. त्यांना कादंबरी म्हणायला मी फार लाजत असे. गावातली शाळा चौथीपर्यंत, पाचवीसाठी नाला ओलांडून जावं लागे, आणि आमच्या घरातून पोरीला नाल्यापलीकडे कुणी जाऊ दिलं नाही. तेवढ्या शिक्षणावर मोठा शब्द तोंडात घ्यायचा म्हणजे दुसऱ्याचं लुगडं नेसून मिरवल्यासारखं वाटे. आता नाही वाटत. माझ्या पोरी मी घडवल्या आहेत. त्यांचे देश, त्या देशांचे नियम, तिथले प्राणी, तिथली भाकर कशाची असते इथपर्यंत सगळं माझं आहे. एकीच्या बापाला पूर्णेच्या पुरानं नेलं, म्हणून ती नदीला जाब विचारायला तिच्या उगमापर्यंत उलटी चालत गेली. वाटेत नदीनं तिला सतरा सोंगं दाखवली, ही एकालाही भुलली नाही. दुसरीची सावली हरवली. सावली नसलेल्या पोरीला उन्हात कुणी ओळखेना, तेव्हा ती सातपुड्याच्या पलीकडे गेली आणि तिथल्या ढगांचे कळप राखायला लागली. सावली शेवटी सापडली, पण तोवर तिला सावलीवाचून जगायची सवय झाली होती. तो शेवट सुचला त्या दिवशी मी तासात एकटीच हसले होते.

माझ्या सगळ्या पोरींचं काहीतरी गेलेलं असतं. माझ्या जावेची साक्षी मला एकदा म्हणाली, "मोठी माय, तुई एकबी पोट्टी सुखी घरातली नाई." खरं आहे. जिचं काहीच गेलं नाही ती उंबरा कशाला ओलांडेल? आमच्याकडे पोरीला घराबाहेर पडायला कारण लागतं. शाळा, लग्न, पाणी, सरपण. मोकळं होण्यासाठी बाहेर पडते, असं सांगून बाहेर पडता येत नाही. म्हणून मी तिला कारण देते. ती काहीतरी शोधायला जाते, आणि जाता जाता मोकळी होते.

पण ही सगळी पुढची गोष्ट. माझी पहिली पोरगी भिंगरी. तिला मी रचलं त्या वेचणीची आठवण आली की यंदाही मान आपोआप ताठ होते.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडे. अकोला एकीकडे, अमरावती दुसरीकडे, मध्ये सगळी काळी जमीन. पावसाळ्यात ती चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात उलते. भेगा एवढ्या पडतात की पोरं त्यात हात घालतात, खांद्यापर्यंत जातो, तळ लागत नाही. माझ्या लहानपणी त्या भेगांत किती काय पडायचं. जोडवं, नाणी, बैलाच्या गळ्यातला घुंगरू. पडलं ते गेलं. पाऊस आला की भेगा मिटून जातात आणि जमीन अशी सपाट दिसते, जशी काही तिनं कधी तोंड उघडलंच नव्हतं. ते सगळं खाली कुठं जात असेल, हा विचार मी लहानपणापासून करत आले. कुणाला बोलले मात्र नाही. बोलणं मला जमत नसे. चार माणसांत बसले की घसा कोरडा पडे. हळदीकुंकवाला कुणी "मालू, उखाणा घे" म्हटलं की मी स्वयंपाकघरात चहा उतू जात असल्यासारखी पळे.

माझी जाऊ नंदा अगदी उलटी. ती बोलली की तीन घरं ऐकत. भांडली तरी हसत भांडे, हसली तरी भांडल्यासारखी वाटे. मी न बोललेलं सगळं ती बोलून टाकायची. मी भिंगरी रचली त्या वर्षी श्रावणात नंदाला ताप भरला. घरगुती काढे झाले, गावच्या डॉक्टरची सुई झाली, शेवटी गाडी करून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिची साक्षी तेव्हा पाचवीत. ती दारात उभी होती. गाडीत बसताना नंदा तिला म्हणाली, "दार लावून घेजो, कुत्रं शिरन." नंदा परत आली ती बोलणारी नव्हती. त्या दिवशी साक्षीला शेजारच्या पार्बताबाईच्या घरी ठेवलं होतं, कुणीतरी कडेवर उचलूनच नेलं. पोरीनं आईला जाताना पाहिलं, येताना पाहिलंच नाही.

तिला सांगितलं, माय गेली. तिच्या बापानं सांगितलं, मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. शाळेला जाईना. सकाळी तोंड धुऊन उंबऱ्यावर, जेवायला हाक मारली की आत, पुन्हा उंबऱ्यावर. गाडीचा आवाज आला की मान वर. एकदा मी विचारलं, तर इतकंच म्हणाली, "माय आली अन् मी घरी नसली त?"

अमरावतीला राजापेठेत तिची मावशी राहते, नंदाची बहीण. कपडे शिवते. ती म्हणाली, पोरगी माझ्याकडे द्या, इथं चांगली शाळा आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतर बसवू. भाऊजींना, म्हणजे साक्षीच्या बापाला, पटलं. पण साक्षीला विचारायला गेले तर तिनं चौकटीला दोन्ही हात असे धरले की बोटं सोडवताना भाऊजीच रडायला लागले. "राहू द्या वहिनी," म्हणाले. "जबरदस्तीनं नेली त थ्या शहरातबी दारातच बसन."

दसऱ्यानंतर पहिला वेचा निघाला. पोरीला घरी एकटी कशी सोडायची? मी म्हणाले, "चाल माझ्यासोबत. वावरातून आपलं दार दिसते." खरंच दिसतं. आमचं वावर गावाला लागूनच. तेवढ्यावर ती आली.

वेचणीचं एक आहे, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तासात उतरलं की कुणी कुणाचं तोंड पाहत नाही. प्रत्येकीला एक तास. डोळे बोंडावर, हात बोंडावर, मान खाली. बाजूच्या तासात बाई असते, तिचा आवाज येतो, बांगड्या वाजतात, पण ती दिसते ती फक्त डोक्याच्या फडक्याएवढी. माझ्यासारखीला याहून चांगली जागा नाही. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. साक्षी माझ्याच तासात, झाडाच्या पलीकडच्या बाजूनं चालत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. ती शांतता मला सोसवेना. मी बोंडाकडे बघत बोलायला लागले.

"एका गावात एक पोट्टी होती. तिचं नाव भिंगरी. तिच्या मायचा आवाज लय मोठा होता. एक दिवस मायनं तिले वावरातून हाक मारली, अन् थे हाक भेगीत पडली."

पानांच्या पलीकडून हात थांबला. "मंग?"

श्रावणापासून तिनं स्वतःहून विचारलेला हा पहिला शब्द.

मग काय, मी रचत गेले. हाकेच्या मागं माय भेगेत उतरली. माय परत येईना तेव्हा भिंगरी उतरली. खाली वाळवीच्या राणीचा देश. जमिनीनं आजवर गिळलेलं सगळं तिथं जमा. हरवलेल्या जोडव्यांचे डोंगर, घुंगरांची झाडं, वारा आला की वाजणारी. तिथं कपाशी उलटी उगवते, मुळं वर, बोंडं खाली, त्यामुळे त्या देशाचं आकाश पांढरं. भिंगरी एका टोळावर बसून हिंडे. टोळ फार बढाईखोर, दर दोन वाक्यांनी सांगे की त्याच्या आजानं एकदा अख्खं अकोला खाल्लं होतं.

साक्षी हसली नाही, पण तिनं नाकानं हवा सोडली. तेवढ्यानं मला कोण आनंद झाला.

आणि नियम. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी पहिल्याच दिवशी समजलं होतं, की जादूला नियम लागतो. नाहीतर सगळंच सोपं होतं आणि ऐकणाऱ्याचा हात थांबत नाही. मी नियम सांगितला, "खालचं माणूस वर यायचं त वरचं एक माणूस खाली राह्यलं पाह्यजे." बोलून गेले. त्याचा अर्थ पुढं काय होणार आहे ते मला तेव्हा दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की ऐकणारी साक्षी एकटी नाही. डावीकडच्या तासात शोभा होती. गावातली नवी सून, जिभेला धार. ती म्हणाली, "मालूताई, जरा मोठ्यानं बोल ना वं. टोळाचं काय झालं ते मले कायीच आयकू नाई आलं." माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तोंड कुणाला दिसत नव्हतं. मी मोठ्यानं बोलले.

तिसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. वेचणीला निम्म्या बाया या धुऱ्यापासून लागतात, निम्म्या त्या धुऱ्यापासून, म्हणजे शेत दोन्हीकडून उरकत येतं. आता सगळ्याच माझ्या बाजूनं लागायला लागल्या. जवळचे तास मिळावेत म्हणून सकाळी लवकर यायला लागल्या. पुढं गेली तर गोष्ट ऐकू येत नाही, मागं राहिली तरी नाही, म्हणून सगळ्या एका ओळीत, पलटण चालल्यासारख्या. संध्याकाळी भाऊजी शेतावर आले आणि बघतच राहिले. इकडचं अर्धं शेत काळंभोर झालेलं, तिकडचं अर्धं पांढरंफेक, बोंडं जमिनीला लोंबलेली.

"हे काय करून ठेवलं वहिनी? तिकडचा कापूस वाऱ्यानं गयून राह्यला ना!"

शोभा म्हणाली, "भाऊ, तिकडं गोष्ट नाई पोचत."

"कोनती गोष्ट?"

पदरात तोंडं घालून सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडच्या धुऱ्यापासून लागलो. गोष्ट पण तिकडं गेली.

आता साक्षी फोनवर विचारते, "मोठी माय, यंदाची पोट्टी कुठवर आली?" ती अमरावतीला कॉलेजात आहे. राजापेठेत मावशीच्या दुकानावर खोली, खाली गाड्यांचा गोंगाट, क्लासची गर्दी, आणि ती कानात बोट घालून माझं ऐकते. ऐकून चुका काढते. "इथं थे लयच सोपी सुटली. जरा अडकव तिले." मी अडकवते. रात्री भांडी झाली की ओसरीवर बसून लिहिते आणि लिहून झाल्यावर तिला फोनवर वाचून दाखवते. छापायचं का, असं ती दर वेळी विचारते. मी नाही म्हणते. माझं तोंड न दिसता माझा आवाज जिथं पोचायचा तिथं पोचतो. मला याहून जास्त काही लागत नाही.

तर तिकडच्या धुऱ्यापासून लागल्यावर, एका दुपारी घोटाळा झाला.

गोष्ट चालू असली की बाया मध्ये बोलत. कुणी म्हणे, टोळाला लंगडा कर, फार शेखी मिरवतो. कुणी म्हणे, राणीला थोडी मायाळू कर. मी काही घेत असे, काही सोडत असे. तासात गोष्ट सगळ्यांची असते. त्या दिवशी भिंगरी एका जोडव्यांच्या डोंगरावर बसून रडत होती. उजवीकडच्या तासात पार्बताबाई. तिचं मन म्हणजे लोणी. नंदाला तिनं लग्नात हळद लावली होती. तिला भिंगरीचं रडणं सहन झालं नाही. ती मध्येच म्हणाली, "नको रडू वं माय. उन्हाळ्यात भेगा पडल्या का येते तुई माय वर. नक्की येते. देवाची आन."

ती भिंगरीला म्हणाली की साक्षीला, कोण जाणे. साक्षीनं ऐकलं.

त्या संध्याकाळी ती माझ्याआधी घरी गेली, उंबऱ्यावर बसली आणि भाऊजींना म्हणाली, "मी उन्हाळ्यापर्यंत कुठीच जात नाई." आवाजात आनंद होता. तोच वाईट. आजवर ती नुसती बसत होती, आता तिच्या बसण्याला मुदत मिळाली होती. उन्हाळ्यात भेगा पडतील. आमच्याकडे दर उन्हाळ्यात पडतात. आणि माय येणार नाही, तेव्हा काय? पुढचा उन्हाळा? त्याच्या पुढचा? दिवाळीनंतर मावशी येणार, आणि पोरगी चौकट धरून बसणार.

वावरात काय झालं ते मी सांगितलं, तेव्हा भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या गोष्टीतून तुमीच काढा तिले." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कधी नव्हे ते मला कुणीतरी काम सांगितलं होतं, जे घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

सोपी वाट होती. पार्बताबाईचं बोलणं खोडून टाकायचं आणि सांगायचं, माय मेली, संपलं. पण तसं तर आम्ही सगळ्यांनी आधी सांगितलंच होतं, आणि पोरीनं मान हलवून ऐकलं होतं. दुसरी वाट, मायला वर आणायची. शोभाचं तेच म्हणणं. "आन ना वं तिले वापस. तुयाच त हातात हाय. आपल्या नंदाले त कोनी आनू शकलं नाई, हिले त आन." साक्षीनंही दुसऱ्या दिवशी वावरात आल्या आल्या बजावलं. "मोठी माय, भिंगरीची माय घरी आली नाई त मी तुई गोष्ट आयकत नाई."

मी त्या दिवशी टोळाचे किस्से सांगून वेळ काढला. त्याच्या पुढच्या दिवशी राणीच्या लग्नाचा घोळ घातला. डोकं मात्र एकाच जागी. भाकरी थापताना, पाणी भरताना, जनावराला पेंड देताना, भिंगरी माझ्यासमोर उभी. नियम माझाच. खालचं माणूस वर यायचं तर वरचं एक खाली राहिलं पाहिजे. मायला वर आणलं तर भिंगरी गेली. भिंगरी वर आली तर माय गेली. आणि दोघींपैकी कुणीही एक दुसरीची वाट बघत राहिली, तर वर आलेलीही सुटली नाही, ती उंबऱ्यावरच.

तिथं मला गाठ सापडली. गाठ जाण्यायेण्यात नव्हती, वाट बघण्यात होती. आणि माझ्या लक्षात आलं की मी भिंगरीच्या मायला अजून एकदाही बोलू दिलेलं नाही. ती नुसती हरवलेली होती. मी तिला हळवी, डोळ्यांत पाणी आणून वाट बघणारी समजत होते. पण मी जिला ओळखत होते ती नंदा वाट बघत बसणारी बाई होती काय?

दिवाळी तोंडावर आली होती. पहिला वेचा संपत आला. उरलेल्या तासांत आम्ही उतरलो आणि मी सांगितलं, आज भिंगरी मायजवळ पोचते. बांगड्यांचा आवाज एकदम कमी झाला.

भिंगरी पोचली. राणीच्या शेतात एक बाई पाठमोरी उभी, हात वर करून, आभाळातला कापूस वेचत होती. ओटी भरून लोंबत होती. भिंगरी ओरडली, "माय!"

मायनं मागं न बघता विचारलं, "आली काय झिपरे? येनी नाई घातली ना आज?"

झिपरे ही साक्षीसाठी नंदाची हाक. श्रावणापासून आमच्या घरात ती कुणी मारली नव्हती. माझा आवाज नंदासारखा नाही, पण ढब मला पाठ होती. इतकी वर्षं तिच्या शेजारी मी गप्प बसून तीच तर ऐकत आले होते.

भिंगरी म्हणाली, "माय, घरी चाल. मी कवाची उंबऱ्यावर तुई वाट पाहून राह्यली."

"काहून पाहून राह्यली? मी पाहून राह्यली काय तुई वाट? मले पाह्य किती काम हाय. आभायभर कापूस हाय इथं."

"तुले माई आठोन नाई येत?"

"येते ना. वेचता वेचता येते. आठोन आली म्हून हात थांबवाचा असते काय?"

भिंगरी म्हणाली, "मंग मी राह्यते इथं. तू जाय वर."

माय हसली. तिन्ही घरं ऐकतील असं हसली. "तू राह्यते? तुले वेचता येते काय? किडकी कवडी, वाळली पत्ती, चांगला कापूस, समदं एकाच ओटीत भरशीन. राणी मलेच बोलन." मग तिनं ओटी सोडून खाली ठेवली, पोरीला कमरेला धरून वर उचललं आणि भेगेत ढकललं. "जाय. पानी येऊन राह्यलं. भेग बुजाच्या आंदी निंग."

भिंगरी वर चढत गेली. पावसाचे थेंब तोंडावर पडायला लागले. माती दोन्हीकडून जवळ येत होती. आणि भेगा काही सरळ नसतात, त्या खालून कुठूनही कुठं जातात. शेवटी ती बाहेर निघाली तर ते तिचं गाव नव्हतं. आजूबाजूला एकही ओळखीचं झाड नव्हतं.

मी थांबले. कुणाचाच हात चालत नव्हता. शोभा नाक पुसत होती. पार्बताबाईला राहवेना. ती गहिवरून म्हणाली, "असू दे वं पोरी, उन्हाळ्यात येईनच थे..."

"नाई येत थे," झाडाच्या पलीकडून साक्षी म्हणाली. "तिले काम हाय."

मी पानं बाजूला केली. वेचणीत पहिल्यांदाच मी कुणाचं तोंड बघत होते. ती रडत होती आणि रडता रडता बोंडातला कापूस काढत होती. किती तरी वेळ दोघी तशाच वेचत राहिलो. तास संपायच्या जवळ आलो तेव्हा तिनं मनगटानं नाक पुसलं आणि विचारलं,

"मोठी माय, मंग ते कुठी निंगाली?"

हा प्रश्न मी आयुष्यभर जपून ठेवला आहे. शिकलेल्या माणसांना मोठमोठी पत्रं, मानाच्या शाली मिळतात. मला हे वाक्य मिळालं. पोरगी महिनोन् महिने एकच विचारत होती, माय कवा येईन. त्या तासाच्या टोकाला ती पहिल्यांदा विचारत होती, पुढं काय.

मी म्हणाले, "तुले काय वाटते?"

ती विचार करत ओटी सोडायला गेली. गाठोड्यावर कापूस ओतताना म्हणाली, "तिथं तिले कोनी ओयखत नसन. तिले नवं नाव ठेवता येईन." दहा वर्षांची पोर. मला स्वतःला हे सुचलं नव्हतं. पुढच्या वेचणीला मी ते वापरलं.

दिवाळीनंतर मावशी आली. फराळाचे डबे, साक्षीचे दोन नवे ड्रेस तिनंच शिवून आणलेले. भाऊजी सकाळपासून चौकटीकडे बघत होते. साक्षीनं वेणी घातली, म्हणजे माझ्याकडून घालून घेतली, दप्तर भरलं आणि चप्पल घालून बाहेर आली. उंबऱ्यावर एकदा थांबली. तिनं आत वाकून कडी ओढली, दार लावलं. "कुत्रं शिरन," म्हणाली, आणि चालायला लागली. आम्ही सगळे घराबाहेर होतो म्हणून दार लावलं, एवढंच. भाऊजींनी मात्र तोंड फिरवलं.

फाट्यावर अमरावतीची एसटी थांबते. पार्बताबाई लंगडत आली होती, पदराला करंज्या बांधून. शोभा आली होती. एसटी आली, खच्चून भरलेली. मावशीनं साक्षीला आत चढवलं, कुणीतरी सरकून खिडकी दिली. मी खिडकीखाली उभी राहिले. काही बोलायचं होतं. रस्त्यावर उभं राहून, एवढ्या माणसांसमोर, घसा नेहमीसारखा कोरडा पडला. साक्षीच म्हणाली, "मोठी माय, थ्या नव्या गावात भिंगरी पहिल्या दिवशी काय खाईन?"

"जे मिळन ते," मी म्हणाले.

"पन कोन देईन?"

"तिनं मागलं त कोनीबी देईन."

तिनं मान हलवली. हे मान हलवणं वेगळं होतं, श्रावणातल्यासारखं नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली, एसटी हलली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. साक्षी खिडकीला नाक लावून समोर बघत होती, ड्रायव्हरच्या काचेतून येणाऱ्या रस्त्याकडे. वळणावर एसटी बाभळींच्या मागं गेली. धूळ खाली बसली.

पार्बताबाई डोळे पुसत, जरा रागातच म्हणाली, "अवं, येवढा जीव लावला आपन, अन् पोट्टीनं एकडाव वळून पाह्यलं नाई!"

"नाई पाह्यलं," मी म्हणाले. फाट्यावर बरीच माणसं होती, आणि मी हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.